‘रिझर्व्ह’ हा शब्द नेमका कुणाचा?



गेल्या महिन्यातली गोष्ट. डहाणूहून चर्चगेटला जाणारी सकाळची लोकल. मी बोईसरला चढलो. बाकावर दोघं बसलेले, तिसऱ्या जागेवर एक बॅग. मी म्हटलं, “दादा, बॅग जरा उचलता का?” उत्तर आलं, “सीट रिझर्व्ह आहे. पालघरला आपला माणूस चढतो.” मी उभा राहिलो. गाडीने उमरोळी सोडलं तेव्हा त्याच गृहस्थांनी शेजाऱ्याला मोबाईलवरची कसलीशी बातमी दाखवली आणि म्हणाले, “या रिझर्व्हेशननेच देशाचं वाटोळं केलं.”

पालघर आलं. त्यांचा माणूस चढला, बॅग उचलली गेली, तो बसला. पास त्याच्याकडे होता तसा माझ्याकडेही होता. मी त्याच्या आधी चढलो होतो.

मी भांडलो नाही. पण विरारपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. एका माणसाने दहा मिनिटांत एकच शब्द दोनदा वापरला. एकदा स्वतःचा हक्क म्हणून आणि एकदा आपल्याला शिवी म्हणून. बॅग ठेवून जागा अडवली तर ते रिझर्व्ह, आणि संविधानाने जागा दिली तर ते वाटोळं!

हा शब्द आपल्या पोरांच्या तोंडावर रोज फेकला जातो. कॉलेजात, ऑफिसात, व्हॉट्सॲपवर. बरीच पोरं तो ऐकून मान खाली घालतात. म्हणून म्हटलं, एकदा या शब्दाचीच झडती घेऊ. तो आला कुठून, त्याचे अर्थ किती, आणि त्याचा मूळ मालक कोण?

शब्द कुठून आला?

‘रिझर्व्ह’ इंग्रजीत आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन क्रियापद आहे ‘सर्वारे’. अर्थ : राखणे, सांभाळणे, जपणे. त्याला ‘रे’ म्हणजे ‘मागे’ जोडलं की अर्थ होतो मागे राखून ठेवणे. प्रिझर्व्ह, कन्झर्व्ह, ऑब्झर्व्ह ही सगळी त्याच ‘सर्वारे’ची भावंडं. ऑब्झर्व्ह म्हणजे लक्ष ठेवणे, पहारा करणे.

त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक लॅटिन शब्द आहे, ‘सर्वुस’. त्याचा अर्थ गुलाम. सर्व्हिस, सर्व्हंट, सर्व्ह करणे हे शब्द या गुलामातून आले. दिसायला दोन्ही सारखे. एक राखणाऱ्याचा, दुसरा राबणाऱ्याचा.

आता आपल्या भाषेत या. संस्कृत ‘रक्ष्’ धातूपासून ‘आरक्षण’ आलं, आणि त्याच धातूपासून आपलं साधं मराठी ‘राखणे’. राखण, राखणदार, राखीव. म्हणजे ‘रिझर्व्ह’ आणि ‘राखीव’ यांचा अर्थ मुळापासून एकच. राखणे.

आता सांगा, महाराष्ट्राच्या गावगाड्यात गावाची राखण कोण करत होतं? वेशीवर कोण बसत होतं? वेसकर कोण होता? शिवेचा वाद झाला की शीव दाखवायला कुणाला बोलावत? सरकारी खजिना पोचवायला सोबत कोण जात होतं? महार! पिढ्यान् पिढ्या गावाची राखण ज्याने केली, त्याच्यासाठी त्या गावात काय राखीव होतं? गावाबाहेरची वस्ती, मेलेलं जनावर आणि शिळी भाकर. वतन म्हणून जो तुकडा दिला तो गुलामीची साखळी होता. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं.

राखणारा तोच आणि राबणारा तोच. लॅटिनमधले दोन वेगळे शब्द आपल्या गावगाड्याने एकाच माणसाच्या पाठीवर लादले.

ज्या अर्थांचा कुणाला राग येत नाही

आता रोजचे अर्थ बघा.

बाईक रिझर्व्हला लागली की आपण पेट्रोल पंप शोधतो. कंपनीने टाकीत थोडं तेल मागे राखून ठेवलेलं असतं, म्हणून आपण रस्त्यात अडकत नाही. कुणी म्हणतं का की हे तेल मेरिटचं नाही?

कोर्ट निकाल राखून ठेवतं. क्रिकेटच्या संघात राखीव खेळाडू असतो. दंगल झाली की राज्य राखीव पोलीस दल येतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर सर्व हक्क राखीव असतात. लिलावात मालक आपली राखीव किंमत ठरवतो, तिच्याखाली वस्तू विकत नाही. अबोल माणसाला आपण रिझर्व्ह स्वभावाचा म्हणतो. इंग्रजीत एखाद्या प्रस्तावाबद्दल शंका असेल तर ‘माझी रिझर्व्हेशन्स आहेत’ असं म्हणतात. आपल्याकडे त्याला हातचं राखून बोलणं म्हणतात.

देशाच्या मध्यवर्ती बँकेचं नावच रिझर्व्ह बँक. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली आला. ज्या हिल्टन यंग आयोगाने या बँकेची शिफारस केली त्याच्यापुढे त्यांनी साक्ष दिली. १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. संकटासाठी साठा मागे ठेवला नाही तर अख्खी अर्थव्यवस्था कोसळते. या रिझर्व्हने देशाचं वाटोळं झालं असं कुणी म्हणत नाही.

जमिनीचंही आरक्षण असतं. विकास आराखड्यात एखाद्या भूखंडावर बाग, शाळा, रस्ता असं आरक्षण टाकतात. १९६६ च्या नगररचना कायद्यात सोय आहे की १० वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही तर मालकाने नोटीस द्यावी, आणि ठरलेल्या मुदतीतही सरकार हललं नाही तर आरक्षण उठतं. या १० वर्षांकडे पुन्हा येऊ.

एवढे सगळे अर्थ. एकाचाही कुणाला राग नाही. राग फक्त एकाच अर्थाचा. तो आपल्या वाट्याचा अर्थ.

पालघरमध्ये आरक्षण आधी कुणी केलं?

आता आपल्या जिल्ह्यात या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. पण इथलं पहिलं सरकारी आरक्षण त्याच्या शंभर वर्षांहून अधिक आधीचं आहे. ते नोकरीचं नव्हतं, जंगलाचं होतं.

१८७८ च्या इंग्रजी वन कायद्याने जंगलाचे प्रकार पाडले. त्यातला सगळ्यात कडक प्रकार म्हणजे रिझर्व्ह फॉरेस्ट, राखीव जंगल. राखीव कुणासाठी? सरकारसाठी. जहाजांना, रेल्वेच्या स्लीपरना आणि शहरांना लागणाऱ्या लाकडासाठी. कुणापासून राखायचं? ज्यांनी ते जंगल पिढ्यान् पिढ्या राखलं त्याच वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी माणसापासून. काल जिथून तो लाकूडफाटा आणत होता तिथे आज पाऊल टाकलं तर गुन्हा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या जंगलबंदीची इतकी ओरड झाली की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

जंगल गेलं, जमीन सावकार-जमीनदाराकडे गेली, माणूस वेठीला लागला. लग्नासाठी कर्ज घेतलं म्हणून नवरा-बायको दोघं आयुष्यभर मालकाकडे राबणारे लग्नगडी इथलेच, याच डहाणू-तलासरीतले. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली उठला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड शहीद झाले.

ज्या अन्यायाला आज ‘ऐतिहासिक’ म्हणतात तो मान्य करायला संसदेला २००६ चा वनहक्क कायदा करावा लागला. तरी आजही दावा मंजूर व्हावा म्हणून माणूस तालुक्याला चकरा मारतोच आहे.

अमेरिकेतही ‘रिझर्व्हेशन’ म्हटलं की पहिल्यांदा जमीनच डोळ्यासमोर येते. तिथल्या मूळनिवासी जमातींचा अख्खा मुलूख तह, फसवणूक आणि बंदुकीच्या जोरावर घेतला, आणि उरलेल्या तुकड्याला रिझर्व्हेशन हे नाव दिलं. आपल्याच देशात कोपऱ्यात ढकललेला माणूस, आणि त्या कोपऱ्याचं नाव आरक्षण!

म्हणून आरक्षण हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा : कुणी राखलं, कुणासाठी राखलं आणि कुणापासून राखलं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की ते आरक्षण आहे की लूट आहे ते कळतं.

पाटी नसलेलं आरक्षण

याच तीन प्रश्नांनी जातिव्यवस्था तपासा. वेद ऐकण्याचा अधिकार राखीव होता. गाभारा राखीव होता. शाळा राखीव होती. पाणवठा राखीव होता, त्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडला जावं लागलं. सावकारी, पाटीलकी, कुलकर्णीपण, सगळं जन्माने राखीव. शंभर टक्के. मुदत नाही, क्रीमी लेयर नाही, जातपडताळणी समिती नाही. पाटीच नव्हती, म्हणून ते आरक्षण दिसलं नाही. त्याला धर्म म्हणाले.

आणि आपल्यासाठीही शंभर टक्के राखीव कामं होतीच की. मैला उचलणं, ढोरं ओढणं. आजही गटाराच्या चेंबरमध्ये कोण उतरतो? २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यावर बंदी आहे, तरी माणसं आत गुदमरून मरतात. मेलेल्यांची आडनावं वाचा. या कामात आम्हालाही वाटा द्या म्हणून आजवर एकही मोर्चा निघाला नाही. इथे मेरिटवाला कुठे जातो?

संविधानाने शब्द उलटा फिरवला

२६ जुलै १९०२ ला राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखीव केल्या. ही ऐतिहासिक घटना का? कारण तोवर ‘राखीव’ म्हणजे वरच्याने खालच्यापासून राखलेलं. महाराजांनी पहिल्यांदा ते दार उलट्या बाजूने उघडलं. १९४३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा मिळवून घेतल्या. आणि मग संविधान आलं.

कलम १६(४) प्रत्येक पोराने तोंडपाठ करावं. त्यात गरिबी हा शब्द नाही, उपकार नाही, मदत नाही. ज्या मागास वर्गाला राज्याच्या सेवेत पुरेसं प्रतिनिधित्व नाही त्याच्यासाठी जागा राखता येतील, एवढंच त्यात आहे. म्हणजे आरक्षण हे साधन आणि प्रतिनिधित्व हे उद्दिष्ट. ‘गरिबांना द्या, जातीवर नको’ म्हणणाऱ्याला एवढंच सांगा : ही गरिबी हटाव योजना नाही, सत्तेतला वाटा आहे.

आता ती १० वर्षं. ‘बाबासाहेबांनीच १० वर्षांसाठी दिलं होतं’ हे तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. खोटं आहे. १० वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये आहे आणि ती फक्त लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांना आहे. ती दर वेळी घटनादुरुस्तीने वाढते. शेवटची दुरुस्ती १०४ वी, तिने मुदत २०३० पर्यंत नेली. कलम १६(४) मध्ये १० वर्षं नाहीत, २० नाहीत, काहीच नाही. राजकीय जागांना १० वर्षं, बागेच्या भूखंडाला १० वर्षं, नोकरीतल्या प्रतिनिधित्वाला मुदतच नाही. पुढच्या वेळी कुणी हा डायलॉग मारला तर त्याला कलम विचारा. पुढे काही बोलणार नाही.

आणखी एक. २०१९ साली १०३ वी घटनादुरुस्ती झाली आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण मिळालं. त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधले गरीब वगळले. त्या दिवसापासून किती जणांना देशाचं वाटोळं दिसलं? मेरिट कुठे गेलं? म्हणजे राग शब्दाचा नव्हताच. राग आपला होता.

पण आपण काय करतोय?

आता जरा आपल्याकडेही बोट वळवू. नाहीतर मीही हातचं राखून बोललो असं होईल.

बोईसरच्या एमआयडीसीत रोज सकाळी या. नाक्यावर उभे राहा. केमिकल, औषधं, कापड, स्टील, सगळे कारखाने इथे आहेत. गेटमधून आत जाणाऱ्या माणसांच्या गळ्यातले पास बघा. किती कंपनीचे आणि किती ठेकेदाराचे? रिॲक्टर धुणारा, टाकीत उतरणारा, गोणी उचलणारा ठेकेदाराचा. स्फोट झाला की पहिला भाजतो तो ठेकेदाराचा. त्यात आपला बौद्ध तरुण आहे, वारली आहे, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला दलित आहे. त्यांना कुठलं आरक्षण? खासगी क्षेत्रात कलम १६(४) पोचतच नाही.

सरकारी क्षेत्रातही तेच चाललंय. पद गेलं की बिंदुनामावली गेली. बिंदुनामावली गेली की आरक्षण कागदावर जसंच्या तसं आणि हातात शून्य. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. ही जीत होती. पण त्यानंतर आपण पुन्हा झोपलो. आरक्षण काढून घ्यायला कुणी संविधान जाळायची गरज नाही, मित्रांनो. नोकरीच ठेकेदाराला दिली की काम झालं. टाकीच विकली तर रिझर्व्हचं तेल कुठे राहणार?

दुसरी गोष्ट, राखीव मतदारसंघ. पालघर लोकसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव. जिल्ह्यातल्या ६ पैकी ४ विधानसभा राखीव : डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर. कागदावर याहून चांगलं काय हवं? पण तारापूरच्या अणुप्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली तेव्हा त्यांना किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या? ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि गावं विरोध करत राहिली. जिल्ह्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत आहे, १९९६ चा पेसा कायदा आहे, ग्रामसभा आहे. राखीव जागेवर निवडून गेलेल्याने ग्रामसभेचं ऐकायचं की पक्षाचं?

हा प्रश्न नवा नाही. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितला तो याचसाठी. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. जागा वाढल्या, पण आपला प्रतिनिधी आपणच निवडायचा ही गोष्ट हातून गेली. बरोबर ५० वर्षांनी, २४ सप्टेंबर १९८२ ला कांशीराम साहेबांनी ‘चमचा युग’ लिहून त्याचा हिशेब मांडला. राखीव खुर्ची म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. खुर्ची राखीव आणि खुर्चीवरचा माणूस दुसऱ्याच्या खिशात, तर ते लोकलमधल्या त्या बॅगेसारखंच झालं. जागा अडवली गेली, पण बसणारा माणूस आपला नाही.

आणि तिसरी गोष्ट, आपल्यातला शिकलेला. आरक्षणातून नोकरी लागली, फ्लॅट झाला, गाडी झाली. आता सोसायटीत आडनाव लपवतो. आपल्या पोराला सांगतो, तू ओपनमधूनच भर. ज्या दाराने आत आलो ते दार आतून लावून घेणं, हेही एक आरक्षणच आहे. वाईट अर्थाचं.

मग करायचं काय?

एक, हा शब्द ऐकून मान खाली घालायची नाही. तीन प्रश्न विचारायचे. कुणी राखलं? कुणासाठी? कुणापासून?

दोन, जिथे जमेल तिथे ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द वापरायचा. संविधानाने तोच दिलाय.

तीन, लढाई ठेकेदाराच्या गेटवर न्यायची. खासगी क्षेत्रात प्रतिनिधित्व आणि कायम कामाला कायम कामगार या दोन मागण्या वेगळ्या नाहीत, एकच आहेत. १९३६ साली बाबासाहेबांनी पक्ष काढला त्याचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष होतं, हे जयंतीच्या बॅनरवर लिहायला आपण विसरतो.

चार, वनहक्काचा दावा घेऊन चकरा मारणाऱ्या वारली भावाच्या बाजूने आपला बौद्ध तरुण उभा राहिला पाहिजे. त्याचं जंगल ज्यांनी राखीव केलं आणि आपलं पाणी ज्यांनी राखीव केलं, त्यांची नावं वेगळी असतील, रीत एकच होती.

त्या लोकलमधल्या गृहस्थांना मी त्या दिवशी काही बोललो नाही, त्याची खंत आहे. पुन्हा भेटले तर एवढंच म्हणेन, “दादा, बॅग उचला. मी आधी चढलोय.”

जय भीम! जय संविधान!